सौराष्ट्र फिरून आलात, पण घोडा पाहिलात का?

रावपुरेकर
दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली चार मराठी कुटुंबं मिळून सौराष्ट्र करून आली. द्वारका, पोरबंदर, सोमनाथ, सासणला सिंह, दीवला एक दिवस. बडोदेकरांची ठरलेली प्रदक्षिणा. परतताना काळ्या घोड्याच्या सर्कलला सिग्नलवर थांबलो, सयाजीरावांच्या पुतळ्याकडे नजर गेली आणि लक्षात आलं, घोड्यांसाठी नावाजलेल्या मुलखात पाच दिवस हिंडून आम्ही घोडा पाहिला एकच. तोही समुद्रकाठी फोटोसाठी उभा केलेला, बरगड्या मोजून घ्या असा.

माझं म्हणणं एवढंच की या सहलीत एक दिवस घोड्यासाठी काढावा. घोडा म्हणजे तबेलाच पाहिजे असं नाही. काठियावाडात घोडा दगडात जास्त भेटतो. गावाच्या शिवेवर, तळ्याच्या पाळीवर शेंदूर फासलेले पाळिये उभे असतात. वर चंद्रसूर्य, मध्ये भालेवाला स्वार, खाली दोन ओळी, कोण कुठल्या साली पडला त्याच्या. आपला वीरगळच म्हणा. फक्त वीरगळात एकावर एक चौकटी असतात आणि गोष्ट खालून वर वाचायची. पाळिया सगळं एकाच चौकटीत उरकतो. गावाची गुरं कुणी पळवली की त्यांच्यामागे जो निघाला तो ‘वारे चढला’, आणि परत आला नाही तर त्याचा पाळिया.

सोमनाथला तर शोधावंही लागत नाही. देवळाच्या समोरच, ते राखताना पडलेल्या हमीरजी गोहिलचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. आम्ही चौदा माणसं त्याच्या पुढ्यात उभं राहून मोबाइल कुणाकडे ठेवायचे यावरून भांडलो. मान वर करून एकानंही पाहिलं नाही. द्वारकेला जाताना राजकोट-जामनगर रस्त्यावर ध्रोळ लागतं, तिथे भूचर मोरीचं रणांगण आहे. १५९१ साली नवानगरची, म्हणजे आजच्या जामनगरची, फौज अकबराच्या सुभेदाराशी तिथे लढली. घोड्यावरचा नवानगरचा राजकुमार जाम अजाजी हत्तीवरच्या त्या सुभेदारावर, मिर्झा अझीझ कोकावर, चाल करून जातो, असं चित्र तिथल्या भिंतीवर आहे. आमची गाडी ध्रोळवरून गेली तेव्हा मागच्या सीटवर अंताक्षरी चालली होती.

तर मंडळी, असा दिवस काढावा की नाही? काढायचा तर द्वारका, सोमनाथ, दीव यातला कुठला?

सुमनमावशी
रावपुरेकर, तुमच्या गाडीत म्हातारं माणूस नसावं. माझ्या सासूबाईंना ८१व्या वर्षी द्वारका घडवली. गुडघे धरून त्या देवळाच्या पायऱ्या चढल्या. त्यांना म्हणाले असते, “आई, जरा थांबा, शिवेवरचा दगड बघून येते,” तर त्यांनी मलाच तिथे उतरवून गाडी पुढे नेली असती.

दुसरं. पाळिया म्हणजे कुणाचा तरी पूर्वज. त्यांच्या घरचे येतात, शेंदूर लावतात, नवं जोडपं पाया पडून जातं. उद्या माझ्या देवघरात अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन शिरला आणि म्हणाला, “काकू, जरा बाजूला व्हा, टाक छान आहेत,” तर कसं वाटेल मला? सगळंच प्रेक्षणीय करायचं खूळ सोडा. सोमनाथला मात्र पुढच्या वेळी मान वर करीन, तेवढं पटलं.

रावपुरेकर
मावशी, चपला काढून लांबूनच पाहीन. पण “कुणाचं तरी घरचं” म्हणून सोडायचं तर अहिल्याबाईंनी सोमनाथला बांधलेलं देऊळही कुणाच्या तरी घरचं. तिथे जातोच ना आपण?

सुमनमावशी
देऊळ सगळ्यांसाठी बांधलेलं असतं. पाळिया गावासाठी. वकिली करू नका.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)
नोकरीची काही वर्षं सौराष्ट्रात गेली, म्हणून बोलतो. काठियावाडी घोडं ओळखायचं कानांवरून. दोन्ही कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकायला आलेली. कपाळ रुंद, तोंड निमुळतं. उंची सरासरी १४७ सेंटिमीटर, म्हणजे फार थोराड नाही. कोरड्या मुलखातलं जनावर, थोड्या वैरणीवर आणि उन्हात टिकणारं. त्याची रवाल चाल अशी की स्वाराच्या हातातलं ताक सांडू नये. काळा रंग या जातीत नाही असं धरतात. त्यामुळे रावपुरेकर, तुमच्या सर्कलवरचा काळा घोडा काठियावाडी नव्हे, एवढं तरी ठरलं.

आता विरोध. तुम्ही म्हणता दिवस काढा. उद्या शंभर गाड्या आल्या की लगेच कुणीतरी ‘घोडानृत्य’ सुरू करणार. बाजेवर चढवून चार पाय आखडून नाचवलेलं जनावर पाहिलंय का जवळून? तोंडात काटेरी लगाम, ढोलाने बावरलेले डोळे. लोक टाळ्या वाजवतात, नोटा ओवाळतात. समुद्रकाठच्या ज्या घोड्याची तुम्हाला दया आली ना, तो पर्यटनामुळेच तिथे आहे. शेतावर असता तर निदान सावलीत असता.

ज्यांच्या दारात खरी चांगली घोडी बांधलेली आहे ते तिकीट लावत नाहीत. चहा पाजतात, गूळ तुमच्या हातावर ठेवून तिला चारायला सांगतात, आणि तिच्या आईचं, आजीचं नाव सांगतात. माणकी, ताजण, ढेल अशी नावं. वंश आईकडून सांगायचा. तिथे ओळखीने जावं. टूर काढून जाऊ नये.

मांजलपूरचा
डॉक्टरकाका, ओळख नसलेल्यांनी काय करायचं? घरी बसायचं? “ओळखीने जावं” हे सांगणं ओळख असणाऱ्यांना सोपं. 🙂

माझा उपाय सोपा आहे. घोडा सोडा, घुडखर बघा. कच्छच्या छोट्या रणात रानगाढवांचं अभयारण्य १९७३ पासून आहे, ४९५४ चौरस किलोमीटर. २०२४ च्या गणनेत ७६७२ भरली. ध्रांगध्राकडून किंवा बजाणाकडून आत जाता येतं, पावसाळ्यात बंद. बडोद्याहून पहाटे निघालं तर दुपारी रणात. लगाम नाही, ढोल नाही, कुणाचा पूर्वज नाही. भेगाळलेल्या जमिनीवर पंधरा-वीस जनावरं एका रेषेत पळायला लागली की तुमचे सगळे पाळिये विसराल.

रावपुरेकर
घोडा मागितला आणि हाती गाढव आलं.

मांजलपूरचा
पळताना ताशी ७० किलोमीटर गाठतं ते. तुमची गाडी बगोदरा टोलनाक्यापर्यंत तेवढी काढते का?

खानदेशची लेक
एवढ्या लांब कशाला? माझं माहेर शहाद्याकडचं. दत्तजयंतीला सारंगखेड्याला या. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, आणि तिथला घोडेबाजार म्हणजे देशभरातून आलेले घोडे. मारवाडी, काठियावाडी, पंजाबचे पांढरे नुकरा, सगळे एका मैदानात. घेणारे अंगावरचे भोवरे मोजत बसतात, चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणी घोड्यापुढे गर्दी हटत नाही. अंकलेश्वर, नेत्रंग, डेडियापाडा, अक्कलकुवा असा रस्ता. घोडा पाहायचा तर जिथे तो विकायला आलाय तिथे पाहावा, मालक स्वतः गुण सांगत असतो. शिवाय बोलणं मराठीत. अर्धं अहिराणीत, पण समजतं.

डॉक्टरकाकांचं नाचाबद्दलचं म्हणणं तिथेही लागू पडतं, ते नाकारत नाही. आमच्या लहानपणी यात्रेला जायचं ते दत्ताला आणि भांडी घ्यायला. घोडे वाटेत असायचे. आता उलटं झालंय, त्याचं मला कौतुक आहे असंही नाही.

अमरेलीवाले
आमचं घराणं बडोदे सरकारच्या चाकरीत तीन पिढ्या अमरेलीला होतं, म्हणून हे आडनावासारखं चिकटलेलं टोपणनाव. वरचं सगळं वाचून गंमत वाटली. घोड्यांचा मुलूख म्हणून सगळे हळवे झालेत, आणि त्या मुलखात आपण कोण म्हणून जात होतो हे एकानेही काढलं नाही.

काठियावाड हे नाव सबंध द्वीपकल्पाला पडलं ते मराठ्यांच्या तोंडून. मूळ ते काठी लोकांच्या मुलखापुरतं होतं. आपल्या फौजांची गाठ त्यांच्याशी पडली आणि नाव पसरलं. या फौजा तीर्थयात्रेला जात नव्हत्या. पिकं उभी राहिली की गायकवाडांची, पेशव्यांची मुलूखगिरी निघायची. खंडणी द्या, नाहीतर उभं पीक गेलं. १८०७ साली इंग्रजांच्या कर्नल वॉकरने मध्ये पडून प्रत्येक संस्थानाचा आकडा ठरवून दिला, तेव्हा दरसालची ही स्वारी थांबली. पुढे विठ्ठलराव देवाजी गायकवाडांचे सुभेदार म्हणून अमरेलीला बसले. आमची पिढीजात नोकरी त्यातून आली, म्हणजे मीही याच्या बाहेर नाही.

आता घोड्याकडे येतो. काठी दरबारांत, म्हणजे तिथल्या जमीनदारांत, सगळ्या मुलांना सारखी वाटणी. वाटण्या होत होत एकेकाकडे एखाददुसरं गाव उरायचं. हत्ती परवडत नाही, तोफ परवडत नाही. परवडायची ती एक घोडी, आणि तिच्यावर जीव. डॉक्टरसाहेब सांगतात ती थोड्या वैरणीवर टिकणारी, आडरानात निभावणारी चपळ घोडी कशासाठी जपली? कधी शेजारच्या गावावर धाड घालायला, कधी धाड आली की मागे लागायला, आणि फौज आली की निसटायला. ती फौज पुष्कळदा आपली. रावपुरेकर, ज्या पाळियांपुढे उभं राहायचं म्हणताय त्यातल्या काहींतला स्वार आपल्याच भीमथडी तट्टांसमोर पडलेला असेल. मग तिथे उभं राहून नेमकं काय वाटायला हवं?

म्हणून माझं मत दिवस काढायच्या विरुद्ध नाही, कौतुकाच्या विरुद्ध आहे. जायचं तर अमरेली पाहा, तिथून गढड्याला जा. स्वामिनारायणांची माणकी घोडी तिथली, आणि त्यांना ठेवून घेणारे दादा खाचर हे काठी दरबारच. त्यांचा वाडा, त्यालाही दरबारच म्हणतात, अजून उभा आहे. धाडी घालणारी जमात म्हणून आपल्या दप्तरांत ज्यांची नोंद, त्यांच्याच अंगणात एक संप्रदाय वाढला. हे दीवच्या किनाऱ्यापेक्षा जास्त पाहण्यासारखं आहे.

रावपुरेकर
याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. एकच म्हणतो. आपल्यासमोर पडला म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही, हे मात्र पटत नाही. उलट आपणच थांबायला हवं. आजवर न थांबता पुढे जात होतो.

सुमनमावशी
अमरेलीवाले, छान लिहिलंत. पण दोनशे वर्षांपूर्वीची खंडणी आता माझ्या सासूबाईंच्या द्वारकेच्या दिवसातून वसूल करू नका. दिवस दीवचा काढा. तसाही दारूबंदीच्या गुजरातेतून तिथे पुरुषमंडळी काय करायला जातात ते माहीत आहे सगळ्यांना.

मांजलपूरचा
मावशींनी विषयाची मांडणी एका वाक्यात संपवली. 😂

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)
आतापर्यंत एकानेही तरणेतरचं नाव घेतलं नाही, आश्चर्य आहे. थानजवळ, त्रिनेत्रेश्वराच्या देवळाची जत्रा. भरतकाम केलेल्या छत्र्या घेतलेली भरवाड-रबारी पोरं, घोड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या शर्यती. तिथे जनावर पाहुण्यांसाठी आणलेलं नसतं, ते गावाबरोबर येतं. हा फरक मला मोठा वाटतो. वाटेत थानला काठ्यांचं सूर्यमंदिरही आहे, काठी सूर्याचे उपासक.

खानदेशची लेक
काका, मी लग्न होऊन बडोद्यात आले त्याला बावीस वर्षं झाली. दरवर्षी तरणेतरला जायचं म्हणते. कधी असते ती जत्रा? भाद्रपद शुद्ध चतुर्थी, पंचमी, षष्ठी! घरात गणपती बसलेला, मोदकांची उकड गॅसवर, आणि मी थानला घोडे बघू? मराठी माणसाने तरणेतर पाहू नये अशीच ती तिथी काढली आहे.

अमरेलीवाले
खरं आहे. तीन पिढ्या अमरेलीला राहून आमच्या घरातल्या एकानेही तरणेतर पाहिलेलं नाही. कारण हेच.

रावपुरेकर
अहो, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. पंचमीला संध्याकाळी विसर्जन करून रात्री निघालं तर षष्ठीची सकाळ तरणेतरला मिळते.

सुमनमावशी
आणि घरी गौरी कोण आणणार? गौरीच्या साडीच्या निऱ्या विस्कटणारे पुरुष पाहिलेत मी.

रावपुरेकर
आमच्यात गौरी नसतात, मावशी. पाळिया लांबून बघेन, कॅमेरा घरी ठेवेन, बाजेवरचा नाच लागला तर तिथून निघून येईन. काका येणार असाल तर घोड्यांची ओळख तुम्ही करून द्यायची, अमरेलीवाल्यांनी वाटभर मला टोचत राहायचं. सात जणांची गाडी आहे. दीड दिवसाचा गणपती आणखी कुणाकडे आहे?

मांजलपूरचा
माझ्याकडे पाच दिवसांचा. भावाकडे सोपवून येतो. येताना बजाणावरून या पण.

गुरांचा डॉक्टर (निवृत्त)
भाद्रपदात रण बंद असतं, तूच वर लिहिलंस. गूळ मी आणतो.