शब्दचर्चा: 'रँडमायझेशन'ला वॉर्डात काय म्हणायचं?

धरमपेठकर

एका औषध-संशोधनाचं माहितीपत्रक तपासायला आलंय. संशोधन नागपुरातच होणार आहे. सहभागी विदर्भातले, काही शिवनी-छिंदवाड्याकडचे. मराठी मसुदा बाहेरच्या एका एजन्सीने केलेला आहे. त्यातलं हे वाक्य बघा:

"ही यादृच्छिकीकृत, दुहेरी-अंध, नियंत्रित नैदानिक चाचणी असून तीत पात्र रुग्णांची भरती करण्यात येईल."

व्याकरणात खोट काढता येणार नाही. पण हा कागद वाचून माणसाने सही करायची असते, आणि औषध-परीक्षांबद्दलच्या 2019 च्या नियमांप्रमाणे तो त्याला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेतच हवा.

'भरती'पासून सुरू करतो. आपल्याकडे पेशंट 'भरती' होतो तो खाटेवर. पुण्यामुंबईला 'ॲडमिट' करतात, आपण मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती करतो. 'भरती करण्यात येईल' वाचलं की पहिला प्रश्न येणार, किती दिवस राहावं लागेल आणि डबा कोण आणेल? 'सामील करून घेऊ' एवढं पुरे.

'नैदानिक चाचणी' हे हिंदी 'नैदानिक परीक्षण'वरून आलेलं दिसतं. मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणं, म्हणून नैदानिक चाचणीचा अर्थ रक्त-लघवीची तपासणी असाच लागतो. गोंधळ खरं तर 'चाचणी'तच आहे. रक्ताचीही चाचणी, औषधाचीही चाचणी, शाळेत घटक चाचणी. माणसाला वाटतं, आपली तपासणी चालली आहे. प्रत्यक्षात तपासलं जाणार असतं औषध, आणि तेही त्याच्या अंगावर. 'औषधाची परीक्षा' कसं वाटतं? थोडं बाळबोध आहे, पण परीक्षेला कोण बसलंय ते तरी कळतं.

माझा गाडा अडलाय तो 'यादृच्छिकीकृत'पाशी, म्हणजे इंग्रजीतल्या 'रँडमायझेशन'पाशी. कोणाला कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवत नाही, रुग्णही ठरवत नाही. आधीच तयार केलेल्या यादीप्रमाणे ते ठरतं, आणि त्या यादीत कसलाही क्रम नसतो. याला बोलीत काय म्हणावं? नाणेफेक, सोडत, ईश्वरचिठ्ठी, चिठ्ठ्या टाकणं असे चार पर्याय डोक्यात आहेत.

सदाशिवपेठी पाहुणा

परिभाषेला परिभाषेसारखं राहू द्या की. यदृच्छा म्हणजे आपोआप, कोणाच्या इच्छेविना घडणं. याहून नेमका शब्द तुम्हाला सापडणार नाही. 'यादृच्छिकीकृत' जड आहे हे मान्य, पण 'यादृच्छिक निवड' म्हणा, सुटसुटीत होतं. सुरुवातीला प्रत्येकच शब्द अवघड वाटतो. 2020 मध्ये लशींच्या वेळी 'मानवी चाचणी' वर्तमानपत्रांनी रुळवलाच ना? तुमच्या नागपुरातही तेव्हा त्या चाचण्या झाल्या होत्या. लोकांना अर्थ कळला.

वॉर्डातली सिस्टर

पाहुणे, पेपरात 'मानवी चाचणी' ठीक आहे. वॉर्डात म्हणून बघा. माणूस खाटेवर उठून बसतो आणि विचारतो, "आमच्यावर प्रयोग करता का जी?" याचं उत्तर हसून टाळता येत नाही, कारण एका अर्थी ते खरंच असतं.

'नियंत्रित'वर कोणी बोललं नाही म्हणून सांगते. ज्यांच्याशी तुलना करायची त्यांना एका कागदात सरळ 'कंट्रोल गट' लिहिलं होतं. आपल्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. समजावून सांगताना एक आजी म्हणाली, "मले कंट्रोलचं औषध नको बाप्पा, दुकानातलं दे." तिच्या हिशेबात कंट्रोलचं म्हणजे खडे असलेले तांदूळ. मग 'नियंत्रण गट' केलं, तर शुगरवाल्यांना वाटलं, ज्यांची शुगर नियंत्रणात आहे त्यांचा गट.

'दुहेरी-अंध', म्हणजे कोणतं औषध चाललंय ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, हे डोळ्यांच्या विभागात वाचून दाखवायची कोणाची हिंमत असेल तर मला बोलवा, मी बघायला येते.

जुना मास्तर

धरमपेठकर, 'निदान'बद्दल थोडं. आयुर्वेदात हा शब्द मुळात कारण या अर्थाने येतो. निदानपंचक म्हणतात त्यात निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी पाच अंगं आहेत आणि पहिलं अंग निदान, म्हणजे रोगाचा हेतू. पाचही अंगं मिळून रोग ओळखायचा. त्या सगळ्या विद्येलाच पुढे निदान म्हणू लागले. 'माधवनिदान' या ग्रंथाच्या नावात तोच व्यापक अर्थ आहे. मराठीने हा ओळखण्याचा अर्थ ठेवला, आणि वर 'निदान चहा तरी घ्या' असा स्वतःचा वेगळाच संसारही थाटला. हिंदीत गंमत पुढे जाते. तिकडे 'समस्या का निदान' म्हणजे समस्येचा तोडगा. छिंदवाड्याच्या माणसाला 'निदान झालं' म्हटलं तर तो बिछाना गुंडाळून घरी निघायचा.

'संशोधन'चंही तेच. आपल्याकडे संशोधन म्हणजे नवा शोध, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. 'संविधान संशोधन' ऐकलं असेलच. कागदावर 'संशोधनात सहभाग' लिहिलं तर हिंदी डोक्याचा वाचक विचारेल, चुकलं काय होतं की दुरुस्त करताय?

नाईट ड्युटी

निवासी डॉक्टर आहे. संमती घेण्याचं काम शेवटी आमच्याच गळ्यात पडतं, म्हणून बोलतो.

'कंट्रोल'ला 'तुलनेचा गट' म्हणा. त्या गटाचं कामच तुलना हे आहे. जुन्या, माहितीच्या उपचारावर काही लोक असतील तरच नव्या औषधाने फरक पडला की नाही ते सांगता येतं. आपल्या मेडिकलमध्येच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांवर हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा असा अभ्यास झाला आणि 2012 मध्ये तो प्रसिद्ध झाला. 60 मुलं, किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम हा ठरावीक कमी डोस, आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे त्या विदर्भातल्या माणसाला हे उदाहरण दिलं की 'तुलनेचा गट' फोड करून सांगावा लागत नाही. 'प्लासिबो'लाही 'तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी' हेच शब्द ठेवा. कोणीतरी 'खोटी गोळी' लिहितं, त्यात फसवणुकीचा वास येतो.

आता चिठ्ठीबद्दल. हा पर्याय नुसता बोलीचा नाही, इतिहासही त्याच्या बाजूने आहे. ब्रिटनमध्ये क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा झाली, तिचा अहवाल 1948 चा. महायुद्धानंतरचे दिवस, औषध अगदी मोजकं. ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने क्रमविरहित आकड्यांवरून यादी केली आणि प्रत्येक रुग्णाचा गट बंद पाकिटात ठेवला. रुग्ण पात्र ठरल्यावरच पाकीट फोडायचं. 55 जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, 52 जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 दगावले, दुसऱ्यातले 14. पाकिटात होती ती चिठ्ठीच.

एक गोष्ट मात्र आज चालणार नाही. त्या 52 जणांना आपण अशा अभ्यासात आहोत हे सांगितलंच नव्हतं.

सदाशिवपेठी पाहुणा

मग 'सोडत' घ्या. म्हाडाची सोडत, शाळाप्रवेशाची सोडत, सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला शब्द आहे. संगणकावर निघते हेही लोकांना ठाऊक आहे.

धरमपेठकर

सोडतीत नंबर 'लागतो', पाहुणे. तिथेच घात आहे. ज्याला नवं औषध मिळालं त्याचा नंबर लागला, उरलेले घराविना राहिले, असा अर्थ आपोआप बसतो. पण नवं चांगलं की जुनं हे कोणालाच माहीत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. नवं औषध जुन्याहून वाईटही निघू शकतं. ज्या शब्दात बक्षीस आहे तो शब्द सही करणाऱ्याला आधीच एका बाजूला झुकवतो.

नाणेफेकीचीही तीच रड. जामठ्याच्या मैदानावर टॉस हरल्यावर कर्णधाराचा चेहरा बघा. शिवाय नाण्याला दोनच बाजू. या अभ्यासात तीनपैकी दोघांना नवं औषध आणि एकाला जुनं अशी विभागणी आहे. ती नाण्यावर दाखवणार कशी?

गोंदियाची लेक

ईश्वरचिठ्ठीला का बाजूला सारताय? किती सुंदर शब्द आहे! ग्रामपंचायतीत समान मतं पडली की लहान पोराच्या हातून काढतात, हरलेलाही निकाल मानतो. भांडण राहत नाही.

वॉर्डातली सिस्टर

ताई, भांडण राहत नाही हीच अडचण आहे. मी हा शब्द वापरून पाहिलाय. लोक लगेच मान्य करतात. "देवानं दिलं तेच घेऊ" म्हणून सही होते. पण त्याच कागदावर पुढे लिहिलेलं असतं की तुम्ही केव्हाही यातून बाहेर पडू शकता, कारण द्यायची गरज नाही, तुमच्या उपचारात फरक पडणार नाही. देवाच्या चिठ्ठीतून बाहेर कोण पडतो? मळमळ झाली तरी गप्प राहतात. विचारलं की म्हणतात, नशिबात होतं. आम्हाला तर प्रत्येक मळमळ लिहायची असते.

नाईट ड्युटी

सिस्टरना शंभरपैकी शंभर. याच कारणासाठी 'साइड इफेक्ट'ला 'सहपरिणाम' नको. 'औषधाने झालेला त्रास' लिहा. लोक आपण होऊन सांगतात.

गोंदियाची लेक

बरं, हरले. मग जरा विषयांतर. 'केस रिपोर्ट', म्हणजे एकाच रुग्णाची लिहिलेली हकीकत, त्याला काय म्हणता? परवा एका बातमीत 'दुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी' वाचलं. आत पाहिलं तर मुलीच्या पोटातून केसांचा गोळा काढला होता. 'अशी केस पहिल्यांदाच पाहिली' हे डॉक्टरांचं वाक्य मी दोनदा वाचलं!

नाईट ड्युटी

हाहा. केस खाण्याच्या सवयीने जठरात असा गोळा तयार होतो. कधी त्याची शेपटी आतड्यात उतरते, मग पोट उघडावं लागतं. बातमीतलं विशेषण मात्र चुकीच्या जागी बसलंय. दुर्मीळ असतो आजार. जठर उघडून गोळा काढणं ही सर्जनला ठाऊक असलेली गोष्ट आहे.

'केस'ला मी 'रुग्णवृत्त' म्हणतो, लेखात चालतं. 'प्रकरण' म्हणू नका. मराठीत प्रकरण कोणाचं तरी कोणाशी तरी असतं. वॉर्डात 'केस'ला पर्याय नाही. केसपेपर काढल्याशिवाय ओपीडीत कोणी हात लावत नाही, आणि त्या शब्दाचं कोणाला काही वाटतही नाही. वाटतं ते 'बारा नंबरची केस' म्हटलं की. तिथे 'बारा नंबरच्या मावशी' म्हणायला काय जातं?

रुग्णवृत्त आणि औषधाची परीक्षा यांत नातं कसं असतं, त्याला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम हे आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं उदाहरण. कोकणात विंचू चावून माणसं दगावत. त्यांनी एकेका रुग्णाच्या बारीक नोंदी ठेवल्या, हृदयावर काय परिणाम होतो ते टिपलं, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं. ही झाली वृत्तं. पुढे 2011 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली ती तुलना: 70 रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना त्याबरोबर विंचवाचं प्रतिविष. दोन्ही मिळालेले लवकर बरे झाले. त्यात कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांनाही माहीत होतं आणि रुग्णालाही. म्हणजे सिस्टरच्या भाषेत कोणीच आंधळं नव्हतं.

जुना मास्तर

'दुहेरी-अंध'ला मग विशेषण शोधूच नका. मराठी क्रियापदावर चालते, नामांच्या आगगाडीवर नाही. "कोणाला कोणतं औषध मिळतंय हे तुम्हालाही सांगणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही." संपलं.

धरमपेठकर

मास्तर, मान्य. पण ही नामांची आगगाडी कुठून येते तेही सांगतो. मराठी मसुदा झाला की दुसरा माणूस तो परत इंग्रजीत उलथवतो आणि मुळाशी ताडून बघतात. 'नियंत्रण गट' लिहिलं की उलट भाषांतर मुळाशी तंतोतंत जुळतं, फाईल पुढे सरकते. 'तुलनेचा गट' लिहिलं की शेरा येतो: शब्द बदलला आहे, खुलासा करा. त्यामुळे भाषांतरकार वॉर्डासाठी लिहितच नाही. जो शब्द परत जाताना अडणार नाही तो तो निवडतो. मी खुलासे लिहायला तयार आहे. अशा अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक सदस्य सामान्य नागरिकांतला असावाच लागतो. मसुदा आधी त्यांना वाचायला द्यायचा, त्यांना अडलं तर तो शब्द बाद.

तूर्त वाक्य असं केलंय:

"या अभ्यासात एका नव्या औषधाची परीक्षा होणार आहे. ते जुन्यापेक्षा चांगलं आहे की नाही, हे आज कोणालाच माहीत नाही. तुम्हाला कोणतं औषध द्यायचं हे चिठ्ठीने ठरेल. तीनपैकी दोन चिठ्ठ्या नव्या औषधाच्या, एक जुन्या औषधाची."

वॉर्डातली सिस्टर

छान आहे. पण 'चिठ्ठीने ठरेल' नको. दवाखान्यात चिठ्ठी म्हणजे डॉक्टर औषध लिहून देतात ती. "चिठ्ठीने ठरेल" वाचून माणूस म्हणेल, म्हणजे साहेबच ठरवतील ना.

धरमपेठकर

अरे बापरे. 'चिठ्ठ्या टाकून ठरेल'?

वॉर्डातली सिस्टर

हो. अनेकवचन, आणि 'टाकून'. आणि पुढे एक ओळ घाला: "या चिठ्ठ्या संगणक टाकतो, डॉक्टर किंवा सिस्टर नाही." नाहीतर रात्री दोन वाजता नातेवाईक येऊन मलाच म्हणणार, सिस्टर, आमची चिठ्ठी जरा बदलून द्या ना जी.