ऊसतोडीचा व्हिडिओ: संमती आहे, तरी काढून टाकू का?

माळरान
मंडळी जरा लांबेल, सांभाळून घ्या. मी बीडला एका छोट्या संस्थेसाठी व्हिडिओ करतो, मोबाईलवरच शूट आणि मोबाईलवरच एडिट. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या तीन तीन मिनिटांच्या गोष्टी, त्यांच्याच आवाजात. मागच्या वर्षी एका ताईंनी गर्भपिशवी काढल्याचं सांगितलं. सव्वीस वर्षाच्या होत्या तेव्हा, पोट दुखायचं, खाडा झाला की टोळी नेणारा मुकादम पैसे कापायचा, डॉक्टर म्हणाला कॅन्सर होईल, सासू म्हणाली दोन लेकरं झालीत आता काय करायचीय पिशवी, मग उचलीतूनच, म्हणजे सीझनआधी मुकादम देतो त्या ॲडव्हान्समधूनच, ऑपरेशन. चेहरा दाखवू का विचारलं तर म्हणाल्या "दाखवा की, मी काय चोरी केलीय का". फॉर्मवर अंगठा घेतला. व्हिडिओ खूप बघितला गेला, संस्थेला देणग्या पण आल्या. आता तोच व्हिडिओ कोणीतरी कापून, खाली रडकं म्युझिक टाकून त्यांच्याच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय. मुकादम यंदा या जोडप्याला उचल द्यायला टाळाटाळ करतोय, घरात सासूने बोलणं टाकलंय. ताईंचा फोन आला, काढा असं म्हणल्या नाहीत, फक्त "भाऊ, ते अजून किती दिवस चालणारे?" संस्थेत म्हणतात संमती आहे ना, राहू दे. मला काही सुचेना.

चहाखारी
आधी काढ, मग चर्चा. आणि एक सांग, तो फॉर्म कुठल्या भाषेत होता? २०२३ च्या डेटा कायद्यात सरळ लिहिलंय की संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे. त्या बाईने अंगठा दिला दोन मिनिटात, मागे घ्यायला तिने कुणाच्या दारात जायचं? "किती दिवस चालणारे" हा काय प्रश्न आहे का, ती काढाच म्हणतीये, फक्त तू पाहुणा म्हणून तोंडावर बोलवत नाहीये तिला.

कोयता_नंबर_दोन
थांबा थांबा, एवढी घाई नको. माझे आईवडील दहा सीझन तोडीला गेलेत, मी तोडीवरच्या झोपडीत, कोपीत वाढलोय. २०१९ ला हा विषय पेपरात आला, विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हेंची समिती बसली, बीड जिल्ह्यात ८२ हजारावर बायकांचा सर्व्हे झाला आणि त्यातल्या १३ हजारावर बायकांची पिशवी काढलेली निघाली. हे कशामुळे झालं, बायका बोलल्या म्हणून. तेव्हा सगळ्यांनी तोंडं झाकली असती तर डॉक्टर लोक म्हणायला मोकळे होते की असं काही नाहीच. माझा राग वेगळा आहे. देणग्या संस्थेला आल्या, उचल ताईची बुडाली. त्या पैशातून तिच्या या सीझनची सोय करा ना, की ते प्रोजेक्टमधे बसत नाही?

जुनी_रेडिओवाली
कोयता, पैशाचं पटलं. पण नाव दाखवायचं की लपवायचं हे सरसकट ठरतच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या बघा, लाखावर आहेत, त्यातल्या कितीतरी आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या साईटवर ऐकता येतात, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव. तिथे नाव झाकलं असतं तर उलट अन्याय होता, नाहीतर बाईचं गाणं कायम "पारंपरिक" म्हणूनच खपतं. दुखण्याचं मात्र तसं नाही. आणि कृपा करून ब्लर वर विसंबू नका! टोळीत दहा-बारा जोडपी, आवाज, साडी, कोपीसमोरची बैलगाडी, एवढ्यावर मुकादम एका सेकंदात ओळखतो. ब्लर फक्त पुण्या-मुंबईतल्या लोकांपासून लपवतो, ज्यांच्यापासून तिला काही धोकाच नाही.
माळरान, एक विचारू? फायनल व्हिडिओ त्यांना दाखवला होतास?

माळरान
नाही. आणि फॉर्म इंग्लिशमधे होता, चहाखारी. वाचून मराठीत सांगितलं होतं मी, पण "सोशल मीडियावर" म्हणलो होतो, तुमच्या गावात पण दिसेल असं नव्हतो म्हणलो.

माळरान
काल जाऊन आलो. अख्खा व्हिडिओ त्यांनी पहिल्यांदा माझ्या फोनवर बघितला, दोनदा. मला वाटलेलं रडतील नाहीतर चिडतील. म्हणल्या मुकादमाचं आणि डॉक्टरचं राहू द्या, खरं हाय ते. सासूचं तेवढं काढा, मला तिच्यासंगच राहायचंय, लेकरं तिच्याकडं ठेवून जायचंय. आणि मागे त्यांची पोरगी हंडा घेऊन जाताना दिसते, चौदा वर्षाची, ती काढा म्हणल्या, तिला बघायला येतील आता. मी ती फ्रेम शंभर वेळा बघितली असेल एडिट करताना, छान लाईट होता म्हणून ठेवली होती.
जुना व्हिडिओ उतरवलाय, नवा कट आधी त्या बघतील मग ठरेल. उचलीचं संस्थेत बोललो, "बघू" म्हणालेत. पण गावच्या ग्रुपवर जो कापलेला फिरतोय तो कसा थांबवायचा, कोणी केलंय का असं काही?

जुनी_रेडिओवाली
ॲडमिनला भेट, फोन करू नको, भेट. आणि एकटा जाऊ नको, गावातल्या आशा वर्कर ताईंना सोबत ने.