सोसायटी ग्रुप : बीएस्सीचा फॉर्म परवा बंद होतोय, ओई कोणता घ्यावा

ए-३०२ वहिनी :
नमस्कार सगळ्यांना. कुणाला माहिती असेल तर सांगा. मुलीचं बीएस्सीला ऍडमिशन झालंय, बॉटनी झूलॉजी केमिस्ट्री. आता कॉलेजनी आणखी एक फॉर्म दिलाय त्यात ओई, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असं काय काय लिहिलंय आणि प्रत्येकात निवडायचंय, परवा पाचला लिंक बंद. कॅफेवाला म्हणायलाय मी भरून देतो, सगळ्यांना टाकतो तेच टाकतो. मला तर काही कळंना गेलंय आणि ही नीटच्या निकालापासून कशावर बोलतच नाही, तुला काय पाहिजे विचारलं तर काहीबी टाक म्हणते

बी-१०१ काका :
वहिनी एवढं काय त्यात. नीटचं पुन्हा करायलीच आहे ना ती, मग बीएस्सी नुसती नावाला असू द्या. ज्यात पासिंग सोपं ते भरा आणि मोकळं व्हा, अभ्यास क्लासचा करू द्या

ए-१०४ दादा :
ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. आमच्या बॅचला सगळ्या पोरांनी ठरवून एकच घेतला होता, एकत्र बसता येतं म्हणून. महिन्याभरानी शिकवायला कुणी यायचंच बंद झालं, शेवटी पीडीएफ वाचून पेपर दिला, मार्क पडले पण आज विचाराल तर त्यातलं एक वाक्य सांगता येणार नाही मला

बी-२०३ ताई :
वहिनी कॅफेवाल्याला भरू देऊ नका, प्लीज. मी शाळेतून आले की सविस्तर लिहिते. तोवर एकच करा, फॉर्मचा आणि विषयांच्या यादीचा फोटो टाका, प्रत्येक कॉलेजची यादी वेगळी असते

ए-३०२ वहिनी :
टाकलेत दोन्ही. दुसरा जरा हललाय

बी-२०३ ताई :
हां आता बसले निवांत. लांब होईल पण वाचा.

आधी हे नवीन प्रकरण काय आहे ते. नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं, त्याच्यावरून राज्याचा जीआर एप्रिल २०२३ ला निघाला आणि आता आपल्याकडच्या साध्या कॉलेजांनाही तेच लागू आहे. पूर्वी आम्ही तीन विषय घेतले की संपलं, आता पदवी क्रेडिटवर मोजतात. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचा ओई म्हणजे ३० तास तुमची पोरगी वर्गात बसणार आहे, आणि असा ओई एकदाच नाही, पहिल्या दोन वर्षांत दर सेमला येतो, सगळे मिळून दहा-बारा क्रेडिट होतात. काका म्हणतात तसं नावाला म्हणून सोडून द्यायला हे तास कमी नाहीत हो.

आता अक्षरं. एईसी म्हणजे भाषा, इंग्रजी आणि मराठी वगैरे. व्हीईसी म्हणजे पर्यावरण, संविधान असले. आयकेएस भारतीय ज्ञान परंपरा. ह्या तिन्हींत फारसा चॉइस नसतोच, कॉलेज जे देतं ते घ्यायचं, त्यावर डोकं घालू नका. सीसी म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, कल्चरल. एसईसी म्हणजे एखादं कौशल्य शिकवणारा विषय. खरा चॉइस दोनच ठिकाणी आहे, ओई आणि एसईसी, आणि पुढं मायनर, म्हणजे मेजर ह्या मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय. त्यातलं मायनर मात्र ऑफिसात विचारून घ्या, काही ठिकाणी पहिल्या वर्षी तिन्ही विषय सारखे चालवतात आणि मेजर कुठला मायनर कुठला ते दुसऱ्या वर्षी ठरतं.

आणि ओईचा नियम असा की तो मेजरच्या फॅकल्टीबाहेरचाच, म्हणजे दुसऱ्या शाखेचाच घ्यावा लागतो. म्हणून तुमच्या यादीत कॉमर्स आणि आर्ट्सचेच विषय दिसायलेत, ती काही चूक नाही

ए-३०२ वहिनी :
अगं बाई मला वाटलं चुकून दुसऱ्याच पोरीची यादी आली

बी-१०१ काका :
ताई तुमचं सगळं बरोबर पण पोरगी डॉक्टर व्हायची स्वप्नं बघायलीय आणि तुम्ही तिला इकॉनॉमिक्स वाचायला लावायलात. वेळ जातो ना. आपल्या लातुरात एकेक तास मोजून अभ्यास करतात पोरं

बी-२०३ ताई :
काका मी राग मानत नाही, मी स्वतः अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, ती पोरं रोज बघते. रिपीट करायचं तर करू द्या, पण मग घरात एकदा नीट बसून बोला की ही बीएस्सी खरी करायची की नाही. कारण हजेरी लागते, इंटर्नलचे मार्क असतात, आणि दुसऱ्या सेमची परीक्षा बहुतेक एप्रिल-मे ला येते, नीट पण मे मधेच. नुसतं नावाला ठेवलेलं कॉलेज एटीकेटी होऊन मानेवर बसतं आणि मग दोन्हीकडून पोरगं खचतं, माझ्या वर्गातून गेलेल्या तीन-चार जणांचं असं झालेलं मी डोळ्यानी बघितलंय. नीटमधे १८० प्रश्नांपैकी ९० बायोलॉजीचे, ते तिचं होऊनच गेलंय, तिला अवघड जातं ते फिजिक्स. बीएस्सीला आली म्हणजे हरली असं घरात कुणी बोलू नका एवढंच. बायोलॉजी हा विषय डॉक्टरकीच्या दारातला पायपुसणं नाही

सी-४०१ सर :
ताईंशी सहमत. मी ३१ वर्षं कॉमर्स शिकवलं. यादीत पाहिलं, बिझनेस स्टॅटिस्टिक्स आहे, इकॉनॉमिक्स आहे, भूगोल आहे, मानसशास्त्र आहे. ताई, तुमचं मत काय ते सांगा

बी-२०३ ताई :
सर माझं मत एकच आहे आणि ते मी गेली दहा वर्षं भेटेल त्याला सांगते. बायोलॉजीच्या पोरांनी आकड्यांपासून पळू नये. पीसीबी घेतलं म्हणजे गणित सुटलं असं आपल्याकडं समजतात, आणि तिथंच ती मार खातात.

माझंच सांगते. एमएस्सीला माझा प्रोजेक्ट सोयाबीनवरच्या किडीचा होता. वडिलांचंच रान, अर्धं फवारलेलं अर्धं बिनफवारलेलं. सुताराकडून लाकडी पट्ट्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करून घेतली होती, ती रानात टाकायची, गुडघ्यावर बसायचं, आणि आतल्या उंटअळ्या मोजायच्या, पानं उलटून उलटून. हिरव्या पानावर हिरवी अळी, चालताना पाठीची कमान करते तेव्हाच दिसते. ४० ठिकाणी टाकली, वही घामानी ओली झालेली, मला तर फार अभिमान होता. रिपोर्टमधे लिहिलं फवारलेल्यात सरासरी ४, बिनफवारलेल्यात ६, म्हणून फवारणीचा उपयोग झाला. बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच विचारलं, एका चौकटीत एक आणि दुसरीत अकरा असं असलं तर हा चार-सहाचा फरक नुसता योगायोग नाही कशावरून? मला उत्तर देता आलं नाही. असा फरक तपासायच्या टेस्टचं नाव ऐकलं होतं, कधी केली नव्हती, पदवीच्या तीन वर्षांत कुणी करून घेतली नव्हती. दोन महिने डिग्री लांबली आणि त्या वर्षीचा पीएचडीचा फॉर्म हुकला. त्यात कुणाला दोष द्यायचा तर देता येईल पण बीएस्सीला स्टॅट म्हणजे संख्याशास्त्र घ्यायची संधी होती आणि मीच अवघड म्हणून सोडली होती, मैत्रिणींनी सोडली म्हणून

ए-१०४ दादा :
बाप रे. पण ताई तिला बारावीला मॅथ्स नव्हतं ना, जमंल का?

बी-२०३ ताई :
दहावीचं गणित पुरतं रे. वहिनी हे तिला दाखवा, कॅल्क्युलेटर घेऊन बसवा.

मेंडेलचे वाटाणे तिला पाठ आहेत, गोल आणि सुरकुतलेले, ३ ला १. पण मेंडेलला ३ ला १ असं कधीच मिळालं नव्हतं. १८६६ च्या त्याच्या पेपरात दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले बी आहेत, एकूण ७३२४. भागून बघ, २.९६ येतं. मग ३ म्हणायला आपल्याला परवानगी कुणी दिली? तर असं कर. ७३२४ चे बरोबर पाऊण भाग ५४९३, पाव भाग १८३१. दोन्हीकडं फरक १९. त्याचा वर्ग ३६१. ३६१ भागिले ५४९३, अधिक ३६१ भागिले १८३१, बेरीज साधारण ०.२६ येते. ह्या टेस्टची सीमा ३.८४ आहे, त्याच्या आत असलं तर फरक योगायोगाचा धरायला हरकत नाही. झालं, ह्याला काय-स्क्वेअर (chi-square) टेस्ट म्हणतात. वजाबाकी, वर्ग, भागाकार, बेरीज, ह्याच्या पलीकडं काही नाही त्यात

सी-४०१ सर :
फार छान समजावलंत. मी पण करून बघितलं, ०.२६ आलं

बी-१०१ काका :
बरं मग बिझनेस स्टॅटिस्टिक्स टाका की, संपलं

बी-२०३ ताई :
काका थांबा, तिथं एक गोम आहे. मी यादीचा दुसरा फोटो मोठा करून बघितला, एसईसी मधे खाली बायोस्टॅटिस्टिक्स दिसायलंय. तेच असेल तर स्टॅट तिथून घ्यावं, उदाहरणं आपल्या विषयाची मिळतात. मग ओई दुसऱ्या कशाला मोकळा राहतो. एसईसी मधे बाकी मश्रूम आणि गांडूळखत आहे, ते वाईट नाही, ज्याला धंदा करायचा त्यानी जरूर घ्यावं, पण हिला ते पुढंही शिकता येईल

ए-३०२ वहिनी :
हो बायोस्टॅटच लिहिलंय, आत्ता बघितलं. मग ओई? तिच्या दोन मैत्रिणी मानसशास्त्र घ्यायल्यात

बी-२०३ ताई :
मानसशास्त्र चांगलाच विषय आहे, आवडत असेल तर घ्यावा, फक्त मैत्रिणी घेतात म्हणून नको. माझं मन भूगोल नाहीतर इकॉनॉमिक्सकडं आहे. सर इकॉनॉमिक्सचं तुम्ही सांगा.

भूगोलाचं मी सांगते. २०१६ च्या एप्रिलला मिरजेहून रेल्वेनी पाणी आलं होतं आपल्याला, पहिल्या गाडीला १० वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा ही आठ-नऊ वर्षांची असेल, बादल्या घेऊन जिन्यात उभी असलेली मला आठवते. मांजरा धरण का कोरडं पडतं, उसाला किती पाणी जातं, जमिनीत किती मुरतं, हे समजल्याशिवाय इथली झाडं, मासे, पाखरं ह्यांचं काहीही नीट समजत नाही. शिवाय भूगोलात नकाशा वाचायला शिकवतात, फॉरेस्टच्या, पर्यावरणाच्या कामात ते रोज लागतं

सी-४०१ सर :
इकॉनॉमिक्सबद्दल थोडक्यात. मुलगी बॉटनी शिकणार म्हणजे पिकं शिकणार. बीटी कापूस आपल्याकडं २००२ ला आला, आधी बोंडअळी आटोक्यात राहिली, पुढं गुलाबी बोंडअळीला त्याची सवय झाली आणि शेतकरी पुन्हा फवारणीला लागला. अळी का पचवायला शिकली हे बायोलॉजी सांगेल. पण तरी शेतकरी तेच बियाणं का घेतो, रेफ्युजीची म्हणजे बिगर-बीटी कापसाची वेगळी पाकिटं मिळायची ती बांधावर का लावत नव्हता, सोयाबीन हमीभावाच्या खाली का विकतो, ह्याचं उत्तर लॅबमधे मिळत नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन-७११ तूर आपल्या भागात एवढी पसरली ती लवकर येते, पाऊस लवकर गेला तरी पदरात काही पडतं म्हणून. चांगल्या वाणाला शेतकऱ्याचा हिशोब कळावा लागतो.

मात्र एक सांगतो. आधी शिकवणारं कोण आहे ते विचारा. नियमित प्राध्यापक असतील तो विषय घ्या. ए-१०४ नी सांगितलं तसं वर्ग बंद पडला तर कितीही चांगला विषय घेऊन उपयोग नाही

बी-२०३ ताई :
सरांचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं. वहिनी उद्या सकाळी तिला घेऊन कॉलेजला जाच. तीन गोष्टी विचारा, ओई कोण शिकवतं, प्रॅक्टिकलच्या वेळेवर तर येत नाही ना (झूलॉजीचं प्रॅक्टिकल दुपारी असतं आणि ओई पण कधी कधी दुपारीच लावतात, टाइमटेबल बघूनच घ्या), आणि पुढच्या सेमला ओई बदलता येतो का.

आणि एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला तिचा नंबर, काढला का? डिजिलॉकरवरून निघतो, सगळे क्रेडिट तिथं जमा होतात आणि सात वर्षं राहतात. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवर नाव सारखं आहे का बघा, माझ्या एका विद्यार्थिनीचं आधारवर आडनाव आधी आणि मार्कशीटवर नंतर, त्यावरून सहा चकरा झाल्या

ए-१०४ दादा :
आणि कॉलेजात विषय नसला तर सरकारच्या 'स्वयम्' (SWAYAM) पोर्टलवर ऑनलाइन घेता येतो ना?

बी-२०३ ताई :
येतो, यूजीसीच्या २०२१ च्या नियमानी एका सेमचे ४० टक्क्यांपर्यंत. पण कॉलेजनी मान्य केलेलाच कोर्स धरतात, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते. पहिल्या सेमला नको, आधी कॉलेजात रुळू द्या तिला

ए-३०२ वहिनी :
ताई सीसी मधे एनएसएस टाकू का? सात दिवस कॅम्पला पाठवायचं म्हणजे हिचे पप्पा नाही म्हणायलेत

बी-२०३ ताई :
टाका हो. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचा कॅम्प, खेड्यात. मॅडम सोबत असतात, मुलींची राहायची सोय वेगळी असते. मी तिच्या पप्पांशी बोलते हवं तर. प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असते, २००२ च्या कायद्यानी करायला लावलेली, गावातली झाडं, औषधी, देशी वाणं, पाखरं सगळं तिच्यात लिहायचं असतं. कॅम्पला गेली तर तिनी सरपंचाला ती वही दाखवा म्हणावं. म्हाताऱ्या बायकांना जेवढी रानभाजी माहिती असते तेवढी आम्हाला एमएस्सीला पण माहिती नव्हती, कुर्डू, तांदुळसा, पाथरी, एकेकीची दोन-दोन नावं

बी-१०१ काका :
पाथरीची भाजी आमच्या आईच्या हातची. वहिनी मी मघाशी पटकन बोलून गेलो, मनावर घेऊ नका. उद्या कॉलेजला सोडायला गाडी लागली तर सांगा, मी मार्केट यार्डाकडं जायलोच

ए-३०२ वहिनी :
नाही हो काका, तुम्ही काळजीनीच बोललात. सकाळी १० ला निघू. तिनी ताईंचा मेसेज वाचला आणि वही घेऊन बसलीय, आकडेमोड करायलीय

ए-३०२ वहिनी :
ताई मी तिच्याकडून टाइप करायले. ती विचारायलीय की ३.८४ कुठून आलं

बी-२०३ ताई :
हाच प्रश्न पाहिजे होता. तिला म्हणावं वही घेऊन वर ये, चहा टाकते

ए-३०२ वहिनी :
अपडेट, आज कॉलेजला जाऊन आलो. इकॉनॉमिक्सला नियमित सर आहेत, भूगोलाचा वर्ग नेमका प्रॅक्टिकलच्या वेळेवर येतो म्हणून इकॉनॉमिक्स घेतलं, भूगोल पुढच्या सेमला मिळू शकतो म्हणाले. एसईसी बायोस्टॅट, सीसी एनएसएस. आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलंय ते दुरुस्तीला टाकलं, पावती मिळाली. फॉर्म तिनीच भरला, स्वतःच्या मोबाइलवरून, काका गाडीत बसून राहिले दोन तास. ताई तुमची वही आमच्याकडंच राहिलीय, ती म्हणायलीय उंटअळ्यांचे ४० आकडे तिला करून बघायचेत, राहू द्या का दोन दिवस?

बी-२०३ ताई :
राहू द्या. शेवटची चार पानं ओली होऊन चिकटलीत, हळू उघड म्हणावं