मदत हवी आहे: गट सोडला, पण स्वतःचं मत अजून तयार होत नाही

नमस्कार मंडळी,

कॉलेजात असताना एका आध्यात्मिक गटात गेले आणि नोकरीची बरीच वर्षं तिथेच गेली. आता बाहेर आहे. गटाचं नाव लिहीत नाही, कृपया कोणी तर्कही लढवू नका. आई अजून तिथे जाते. बाहेर कशी पडले, त्या काळात काय काय ऐकून घेतलं, हेही इथे नको. माझी अडचण त्यानंतरची आहे.

तिथे "विचार करू नकोस" असं मला कोणी कधीच म्हटलं नाही. म्हणायचे, "विचारून घे." नोकरी बदलायची, विचारून घे. मावसबहिणीच्या लग्नाला चार दिवस जायचंय, विचारून घे. पाठ दुखतेय तर कुठल्या डॉक्टरकडे जायचं, तेही. आमच्या केंद्राच्या ताई सांगायच्या तसं करायचं. चांगलं झालं तर गुरूंची कृपा, वाईट झालं तर माझी श्रद्धा कमी पडली. आता मागे बघताना कळतं की या हिशेबात माझ्या नावावर काहीच जमा होत नव्हतं. निर्णय माझा नाही, त्यामुळे तो बरोबर का आला किंवा कुठे चुकला, हे शिकणंही माझ्या वाट्याला आलं नाही. बाकीच्या मुली पंचविशीत ज्या बारीकसारीक गोष्टींतून शिकतात, ती सगळी वर्षं माझी कोरी आहेत.

याचा त्रास आता असा होतो. मी चिंचवडला राहते, अकाउंट्समध्ये काम करते. मध्यंतरी भाड्याने घर शोधत होते. एक ऑफिसजवळ, पण महाग. दुसरं लांब, पण हवेशीर. दादाला विचारलं, मैत्रिणीला विचारलं, ऑफिसमधल्या मॅडमना विचारलं. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि माझी झोप उडाली. शेवटी "आधी ज्या घरमालकाचा फोन येईल ते घर" असं मनात ठरवून बसले. ठरवून झाल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा संकेताची वाट बघतेय. मीटिंगमध्ये साहेबांनी "तुला काय वाटतं?" विचारलं की मी आधी त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधते. काम मला येतं. माझी आकडेमोड चुकत नाही. पण "मला वाटतं" म्हटलं की घसा कोरडा पडतो आणि आतून ताईंचा आवाज येतो: हा तुझा अहंकार बोलतोय.

गेल्या वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची भाषणं ऐकायला लागले. खूप आधार वाटला. पण हळूहळू ऑफिसच्या डब्याच्या वेळेला मी त्यांचीच वाक्यं जशीच्या तशी बोलायला लागले, पूर्वी प्रवचनातली बोलायचे त्याच सुरात. ते आयुष्यभर "तपासून बघा" सांगत राहिले आणि मी त्यांचंही न तपासताच घेतलं. यात दोष त्यांचा नाही, माझी घ्यायची सवय तीच राहिली आहे. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

आणखी एक गाठ आहे. माझी आजी माळकरी. लहानपणी संध्याकाळी तिच्याबरोबर हरिपाठ म्हणायचे, गटाच्या कितीतरी आधी. आता म्हणायला बसले की डोळ्यांसमोर केंद्राचा हॉल येतो, छातीत धडधडतं आणि मी थोडा वेळ कुठे असते तेच कळत नाही. नास्तिक मित्र म्हणतात सगळं सोडून दे. पण ते माझं होतं, गटाने मला दिलेलं नव्हतं. मग मी का सोडू? आणि नाही सोडलं, तर ती माझी इच्छा की जुनी सवय, हे ओळखायचं कसं?

ज्यांनी असं काही सोडलंय किंवा अशा लोकांबरोबर काम केलंय, त्यांनी कृपया सांगा: स्वतःचं मत पुन्हा कसं तयार होतं?

प्रतिसाद

ताई, मी समुपदेशन करते, म्हणून लिहितेय. तुम्ही जे सांगताय त्याची नोंद जुनी आहे. मार्गारेट सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये अशा गटांतून बाहेर पडलेल्यांबद्दल लिहिलं, त्यात साधे निर्णयही घेता न येणं आणि मध्येच जुन्या अवस्थेत तरंगत जाणं, दोन्ही आहे. हरिपाठाच्या वेळी होतं ते बहुधा हेच. तसं झालं की डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, आजची तारीख आणि तुम्ही कुठे आहात ते मोठ्याने म्हणा. हरिपाठ सोडायचा की नाही, ते आत्ता ठरवू नका. घाबरलेल्या मनाने दिलेलं कुठलंच उत्तर पक्कं नसतं.

"हा तुझा अहंकार" याबद्दल. रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञांनी चीनमधल्या सक्तीच्या विचार-परिवर्तनातून गेलेल्या लोकांच्या मुलाखती हाँगकाँगमध्ये घेतल्या आणि १९६१ मध्ये त्यावर लिहिलं. अशी ठरीव वाक्यं प्रश्नाला उत्तर देत नाहीत, प्रश्न तिथेच संपवतात, असं त्यांचं निरीक्षण आहे. अशा वाक्यांची वहीत यादी करा. प्रत्येकासमोर लिहा: हे ऐकलं त्या दिवशी मी नेमकं काय विचारत होते? ते प्रश्न तुमचे होते. मत तयार करण्याची सुरुवात तिथून करता येईल.

प्रतिसाद

मी दुसऱ्या एका गटातून बाहेर आलोय. मला उपयोग झाला तो उलट्या क्रमाचा. आधी स्वतःचं उत्तर आणि त्याची दोन कारणं कागदावर लिहायची, मग लोकांना विचारायचं. विचारणं वाईट नाही, सगळेच विचारतात. पण आधी लिहिलेलं असलं की समोरच्याच्या बोलण्याने नेमकं कुठलं कारण हललं ते दिसतं. महिनाभराने कागद काढून निकाल बघायचा. बरोबर आलं तरी लिहायचं, चुकलं तरी. सुरुवात घरापासून करू नका हो, तो फार मोठा निर्णय आहे! कुठला सिनेमा, कुठली चादर, इथून करा. आणि एखाद्या प्रेमळ माणसाशी मुद्दाम छोट्या गोष्टीवर असहमत व्हा. नातं तुटत नाही, हे शरीराला कळायला वेळ लागतो.

दाभोलकरांबद्दल घाबरू नका. आपण कोणाचं न तपासता घेतलं हे तुम्हाला स्वतःलाच दिसलं. गटात असताना दिसलं असतं का?

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. वहीची यादी आज सुरू केली. पहिल्याच वाक्यासमोर आठवलं की मी त्या दिवशी देणगीची पावती मागितली होती.

आणखी दोन गोष्टी विचारते. पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यात या विषयाची जाण असलेले नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ माहीत असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा. स्वतः कुठल्या गुरूंकडे पाठवणारे नकोत, आणि श्रद्धेची टिंगल करणारेही नकोत. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलून बघणार आहे.

दुसरं आईचं. ती फोनवर म्हणते, "एकदा ताईंशी बोलून तरी घे." मला तिच्याशी वाद घालायचा नाही, तिला बाहेर ओढायचंही नाही. फक्त आठवड्यातून एकदा भाजी-आमटी, आत्या, शेजारपाजार असं साधं बोलायचंय. ताईंचा विषय निघाला की काय म्हणायचं, म्हणजे फोन ठेवावा लागणार नाही? ज्यांची आई किंवा वडील अजून आत आहेत, ते काय म्हणतात?