गोवा सहल: सांकवाळला थांबायचं की नाही?

प्रधान काका (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. सहलीचा कार्यक्रम असा. शनिवारी मंगेशी, शांतादुर्गा, जेवण फोंड्याला. रविवारी जुनं गोवं (बॉम जीझस, से कॅथेड्रल), मग दोना पावला. सूचना आज रात्रीपर्यंत. नंतर बसवाला ऐकत नाही.

मयुरेश सी-३०१: बॉम जीझसला फ्रान्सिस झेवियरांचं शव आहे ना, ते गोव्यात जन्मलेले संत? मला फॉरवर्ड आला होता.

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: मयुरेश बाळा, झेवियर स्पेनकडचे, नवारचे. ‘गोंयचो सायब’ म्हणतात लोक, जीव आहे त्यांच्यावर, ते सगळं खरं. पण गोव्यात जन्मलेले संत वेगळे. जुझे वाझ. १६५१ साली बाणावलीला जन्म, मूळ घर सांकवाळचं. माझं माहेर सासष्टीतलं, म्हणून एवढा ठसका 😄

मयुरेश सी-३०१: हे नाव पहिल्यांदाच ऐकलं.

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: तुझा दोष नाही रे. माझ्या मुलांनासुद्धा २०१५ मध्ये कळलं, पोप फ्रान्सिस कोलंबोला येऊन त्यांना संत म्हणाले तेव्हा.

नेहा बी-२०४: कोलंबो? गोव्याचे असून श्रीलंकेत का?

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: तीच तर गोष्ट आहे. थांब, कुकर लावून येते.

प्रधान काका (सेक्रेटरी): तोवर कळवतो, उद्या सकाळी ९ ते ११ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा.

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: आले. त्या काळी युरोपातून आलेल्या मठांमध्ये इथल्या माणसाला जवळजवळ दारच बंद. पाद्री होता यायचं, पण मोठी कामं गोऱ्यांकडे आणि हे त्यांच्या हाताखाली. वाझ १६७६ मध्ये पाद्री झाले, काही वर्षं कानडा मुलखात, मंगळूरकडे फिरून आले. इकडे जुन्या गोव्याच्या टेकडीवर काही गोवेकर पाद्री एकत्र राहू लागले होते. १६८५ मध्ये हे त्यांच्यात गेले, त्यांचे प्रमुख झाले आणि त्या घोळक्याचा रीतसर संघ केला. ओरेटरी म्हणतात त्याला. रोममधल्या संत फिलिप नेरीची पद्धत घेतली. मोठ्या शपथा नाहीत, पण एका छताखाली राहायचं आणि नियम पाळायचे. सगळेच्या सगळे इथले.

शिर्के सर डी-४०१: फार चांगली माहिती, आंटी. पण पूर्ण चित्र सांगायचं तर त्या संघात ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यांतलेच पाद्री घेत. गोऱ्यांनी यांना बाहेर ठेवलं, यांनी इतरांना. इतिहास शिकवला आहे म्हणून बोलतो, राग नसावा.

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: राग कसला सर, खरंच आहे ते. आमच्याकडे लग्न जमवताना अजून निघतं हे. 🙄

कदम काकू ए-३०३: एक विचारू का, वाईट वाटून घेऊ नका. म्हणजे हे लोकांना बाटवायलाच गेले ना लंकेला?

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: काकू, आधीच ख्रिस्ती असलेले लोक तिथे पोरके झाले होते. १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून जाफना घेतलं. डच प्रोटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणारे ख्रिस्ती. कॅथलिक पाद्री दिसला की संपला, त्याला आसरा देणाऱ्यालाही शिक्षा. सगळे पाद्री हाकलले. वर्षानुवर्षं बाप्तिस्म्याला, मरणाऱ्याच्या उशाशी कोणी नाही. म्हणून वाझ निघाले. नंतर नवे लोकही आले त्यांच्याकडे, ते नाकारत नाही मी.

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: आणि गेले कसे? १६८७ मध्ये, मजुराच्या वेशात, अनवाणी, जुआंव नावाच्या नोकर पोराला घेऊन. उतरले तेच हगवणीने आजारी. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून जाफन्यात दारोदार भीक मागत फिरले. का? तर माळेवर कोणाची नजर अडकते ते बघायचं. ज्याची अडकली तो आपला. पण तो डचांचा खबऱ्याही निघू शकतो! माझी आजी हे सांगताना स्वतःची माळ अशी पदरातून हळूच बाहेर काढून दाखवायची.

नेहा बी-२०४: अंगावर काटा आला.

मयुरेश सी-३०१: पकडले का मग?

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: पकडले, पण डचांनी नाही. १६९२ मध्ये डोंगरातल्या कँडी राज्यात गेले, तिथे कोणी राजाचे कान भरले की हा पोर्तुगीजांचा हेर आहे. तुरुंगात टाकलं. पहारेकऱ्यांच्या लक्षात आलं की हा माणूस प्रार्थनेशिवाय काही करत नाही. हळूहळू राजाचं मन वळलं, आणि पुढे त्यानेच राज्यात फिरायची मोकळीक दिली. दुष्काळात यांनी चौकात प्रार्थना केली आणि पाऊस पडला, अशीही कथा आहे.

शिर्के सर डी-४०१: राजा दुसरा विमलधर्मसूर्य, बौद्ध. कदम वहिनी, गंमत बघा, ख्रिस्ती डच मागे लागलेले आणि बौद्ध राजाच्या राज्यात यांना थारा.

कदम काकू ए-३०३: हे माहीत नव्हतं.

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: पावसाचं सोडा, मला देवीच्या रोगाच्या साथीची गोष्ट जास्त पटते. १६९७. रोग्यांना घरचेच रानात टाकून पळत होते. वाझ आणि त्यांचा पाद्री भाचा मागे राहिले. खोपटी बांधली, पू धुतला, मेलेल्यांना पुरलं. बौद्ध, ख्रिस्ती असं काही पाहिलं नाही.

परेरा बी-१०१: आमच्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना विसरू नका! संत झाले १८६२ मध्ये, भारतात जन्मलेल्यांत सगळ्यांच्या आधी. 💪

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: आलं वसई! ते ब्रदर होते हो, पाद्री नव्हे. पण मान तुमचा पहिला, कबूल.

नेहा बी-२०४: मग वाझ गोव्याला परत कधी आले?

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: आलेच नाहीत. १६ जानेवारी १७११ ला कँडीतच गेले. कबर कुठे आहे तेही आज सापडत नाही. झेवियरांसारखी चांदीची पेटी नाही, रांग नाही. ओरेटरीही पुढे पोर्तुगाल सरकारने मठ बंद केले त्यात गेली. टेकडीवर त्यांच्या चर्चचे पडके अवशेष तेवढे उरलेत.

प्रधान काका (सेक्रेटरी): म्हणजे बघायला काहीच नाही?

अ‍ॅग्नेस आंटी ए-१०२: आहे ना! त्या टेकडीवरचा चमत्काराचा क्रूस आता से कॅथेड्रलमध्ये आहे, तिथे तर तुम्ही जाणारच आहात. आणि सांकवाळला झुआरीकाठी जुन्या चर्चची फक्त दर्शनी भिंत उभी आहे, मागे आकाश. शेजारी वाझांचं देवस्थान. अर्धा तास पुरे.

प्रधान काका (सेक्रेटरी): ठीक. दोना पावला रद्द, सांकवाळ घेतलं.

मयुरेश सी-३०१: काका, दोना पावला नको ना रद्द 😭

प्रधान काका (सेक्रेटरी): मग सकाळी साडेसहाला बस सुटेल. सातला येणाऱ्यांनी सांकवाळ ग्रुपवरच्या फोटोत बघावं. आणि सी विंगमधून अजून चार जणांचे पैसे यायचेत.