कुत्र्याला 'स्मारक' म्हणायचं का?

शब्दवाट: उत्तर कोरियावरचा एक लेख शाळकरी मुलांसाठी मराठीत करतेय. तिथलं सरकार डोंगर, धबधबे, गुहा, जुनी झाडं, प्राणी यांना क्रमांक देऊन जपतं. कोरियन शब्दाचा सरळ अर्थ 'नैसर्गिक स्मारक'. धबधब्यांपर्यंत निभावलं. मग आला क्रमांक 368, पुंगसान कुत्रा. धडधाकट, जिवंत! आपल्याकडे स्मारक म्हटलं की कुणीतरी गेलेलं असतं. काय लिहू?

सह्यकडा: 'नैसर्गिक वारसास्थळ'. कासच्या पठारामुळे सगळ्यांच्या तोंडी बसलाय.

शब्दवाट: कुत्रा 'स्थळ' कसा होईल?

बखरवाचक: 'वारसा' मुळात अरबी. 'निसर्गठेवा' लिहा, स्वच्छ मराठी. निदान 'धरोहर' तरी नको, ते हिंदीतून घुसलंय.

मोडीप्रेमी: वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या माणसाला 'वारस' परका वाटत नाही. इतकी वर्षं नांदलेला शब्द आपलाच. आणि ठेवा म्हणजे पुरून किंवा जपून ठेवलेलं धन. धबधबा कुणी ठेवलेला नसतो.

खारपाणपट्टा: 'स्मारक'ला एवढं का घाबरायचं? लोणारचं सरोवर 'राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक' आहे, तिथे कोण वारलं? स्मृ धातू, आठवण करून देतं ते स्मारक. आमच्या आजीच्या बोलण्यात मात्र स्मारक म्हणजे हुतात्म्यांचंच, हेही खरं.

दूरदेशी: हा शब्द कोरियात जपानी अमलात आला. 1933 च्या जतन-आदेशात तो आहे. जपानी शब्द जर्मनवरून घडवलेला, आणि त्याची मुळं हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञापर्यंत जातात. व्हेनेझुएलातल्या एका अवाढव्य झाडाच्या संदर्भात त्याने 'निसर्गाची स्मारकं' असा शब्दप्रयोग केला. ते झाडही उभं, जिवंत होतं! फाळणीनंतर दोन्ही कोरियांनी शब्द ठेवला. दक्षिणेतला जिंदो कुत्राही 'नैसर्गिक स्मारक'च, क्रमांक 53. म्हणून 'नैसर्गिक स्मारक'च ठेवा. मुलांना चमकू दे, मग समजावा.

आणखी एक. पुंगसान हे गावाचं नाव. त्या परगण्याला पुढे उत्तर कोरियाचा संस्थापक किम इल सुंगच्या काकांचं, किम ह्योंग ग्वोनचं नाव दिलं. नकाशावरून पुंगसान पुसलं गेलं, कुत्र्याने जपलं. यापेक्षा खरं स्मारक कुठलं?

सह्यकडा: हे पटलं. उत्तर कोरियातल्या कुमगांग डोंगराच्या कड्यांवर नेत्यांच्या स्तुतीची प्रचंड अक्षरं कोरलीत, तिथे तर निसर्ग आणि स्मारक वेगळे काढताच येत नाहीत. 2025 मध्ये तो डोंगर जागतिक वारसा यादीत गेला, अक्षरांसकट. मला ते सलतं.

शब्दवाट: कुमगांगला 'हिऱ्यांचा डोंगर' लिहिलंय मी.

बखरवाचक: अहो, नको! कुमगांग म्हणजे आपलं 'वज्र'. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेलेलं. 'वज्रपर्वत' लिहा. सर्वात उंच शिखर 'पिरो', म्हणजे वैरोचन बुद्ध. आपलेच शब्द तिकडून परत येतायत आणि आपण इंग्रजी 'डायमंड माउंटन'वरून हिरे काढतोय!

मोडीप्रेमी: संस्कृतात वज्र म्हणजे हिराही होतो. 'वज्रपर्वत' वाचून मुलांना इंद्राचं आयुध आठवेल.

बखरवाचक: आठवू दे की. त्या डोंगराची हिवाळ्यातली ओळख 'केगोल', म्हणजे नुसती हाडं. बर्फातले उघडे सुळके बघा, हिरा कुठेच दिसत नाही.

खारपाणपट्टा: पण दधीचीच्या हाडांचं वज्र झालं होतं ना? मग हाडं आणि वज्र एकाच डोंगराला शोभतात. आणि 'कुमगांग' की 'गुमगांग'? दक्षिणेकडचे लोक रोमन लिपीत 'G' लिहितात.