कुरियरने आलेलं टर्नटेबल आतून मोडलेलं निघालं, क्लेम नक्की कोणी करायचा?

तबकडीप्रेमी

मंडळी, जरा लवकर सल्ला हवाय. जुन्या सामानाच्या एका साइटवर ओळखपाळख नसलेल्या गृहस्थांकडून सेकंडहँड टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) घेतलं, पैसे आधीच दिले होते, त्यांनी कुरियरने पाठवलं. परवा खोका आला तेव्हा बाहेरून तसा बरा दिसत होता, एक कोपरा दबलेला होता पण फाटलाबिटला नव्हता, डिलिव्हरीवाला घाईत, त्याच्या मोबाइलवर बोटाने सही केली आणि खोका आत घेतला. संध्याकाळी उघडलं तर वरचं ॲक्रिलिकचं झाकण तडकलेलं, टोनआर्म (सुईचा दांडा) वाकलेला आणि प्लॅटर (तबकडी ठेवायची थाळी) फिरवला की खरखर आवाज.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे क्लेम पाठवणाऱ्याने करायचा, तुम्ही आमचे ग्राहक नाही, आणि वर सही करताना तक्रार नोंदवली नाही म्हणजे माल चांगला मिळाला असंच आम्ही धरतो. विकणारे म्हणतायत माझ्याकडे चालू असल्याचा व्हिडिओ आहे, आता तुम्ही आणि कुरियर बघून घ्या. माझा नुसता फुटबॉल झालाय. सही केली म्हणजे खरंच सगळं संपलं का? आणि क्लेम मला करताच येत नाही का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

रातकिडा

सही केली म्हणजे संपलं असं अजिबात नाही. सहीचा अर्थ एवढाच की खोका मिळाला आणि वरून काही खटकलं नाही. आतलं नुकसान खोका न उघडता कसं दिसणार, म्हणून तर बहुतेक कुरियरच्या अटींमध्ये डिलिव्हरीनंतर कळवायची वेगळी मुदत दिलेली असते, कुठे काही तासांची कुठे काही दिवसांची. तक्रार न करता घेतलं तर माल ठीक होता असं सुरुवातीला गृहीत धरतात हे खरं, पण ते पुरावा देऊन खोडता येतं. फक्त खोडायची जबाबदारी तुमच्यावर येते एवढंच.

तेव्हा आधी लेखी कळवा. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच. फोनवर काय बोललात ते उद्या कोणीच मान्य करणार नाही. मेल टाका किंवा त्यांच्या साइटवरचा क्लेम फॉर्म भरा आणि तिकीट नंबर घ्या. मेलमध्ये सगळी कहाणी नको, पार्सल नंबर, कधी मिळालं, काय मोडलंय, फोटो जोडलेत, इतकं बास. आणि खोका, थर्माकोल, बबल रॅप, टेप, लेबल यातलं काहीही फेकू नका. रिपेअरवाल्याकडेही नेऊ नका, त्यांनी तपासायला मागितलं आणि तुम्ही दुरुस्त करून बसलात तर ते हात वर करणार.

स्पष्टवक्ता

एवढं सगळं कशाला? सोशल मीडियावर फोटो टाका, कंपनीला टॅग करा, दोन तासात फोन येतो की नाही बघा. यांना हीच भाषा कळते.

खोकेबहाद्दर

स्पष्टवक्ता, फोन येतो हो, पण तो सोशल मीडिया टीमचा. "गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणून ते तुमचं तिकीट पुन्हा क्लेम डेस्ककडेच पाठवतात. आणि तिथे फाइलमध्ये कागद नसतील तर टॅगने काही होत नाही. मी बरीच वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसलोय म्हणून सांगतो. क्लेम फेटाळला गेला आणि तो चुकीचा फेटाळलाय असं दाखवता येत असेल, तेव्हा टॅग करा, तेव्हा उपयोग होतो.

तबकडीप्रेमी, तुमचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. कुरियरशी करार कोणाचा झाला? ज्याने बुकिंग केलं, पैसे भरले त्याचा. त्यामुळे "पाठवणाऱ्याने क्लेम करायचा" हे ते टोलवाटोलवी म्हणून म्हणत नाहीत, बहुतेक ठिकाणी खरंच तसंच असतं. पण याचा अर्थ तुम्ही गप्प बसायचं असा नाही. नुकसान तुम्ही पाहिलंय, खोका तुमच्याकडे आहे, म्हणजे पुरावा सगळा तुमच्याकडे आणि हक्क पाठवणाऱ्याकडे. दोघांनी मिळूनच होणार हे काम. विकणाऱ्याशी भांडू नका, त्यांना सांगा की क्लेम तुम्ही दाखल करा, फोटो आणि जबाब मी देतो. काही कुरियर पाठवणाऱ्याचं संमतीपत्र घेऊन मिळवणाऱ्याचा क्लेम पण घेतात, ते विचारून बघा.

आता डेस्कवर काय बघतात ते सांगतो. मोडलेल्या वस्तूचा फोटो सगळेच पाठवतात, आणि तो आम्ही सर्वात शेवटी बघायचो. आधी बघायचो खोका. सहाही बाजूंनी फोटो आहेत का, लेबल वाचता येतंय का, दबलेला कोपरा आतल्या मोडलेल्या भागाशी जुळतो का. तुमचा दबलेला कोपरा आणि वाकलेला टोनआर्म एकाच बाजूला असतील तर तो फोटो सोन्यासारखा आहे, दोन्ही एका फ्रेममध्ये दिसतील असा काढा. मग आतलं पॅकिंग. क्लेम फेटाळायचं सर्वात आवडतं कारण म्हणजे "अपुरं पॅकिंग", आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा ते कारण बरोबरच असायचं. लोक "नाजूक" असा स्टिकर लावतात आणि निवांत होतात. अहो, पार्सल पट्ट्यावरून जातं, मशीनवर सॉर्ट होतं, वर दुसरी पार्सलं पडतात, तिथे स्टिकर वाचणार कोण? खोका पडला तरी वस्तू टिकेल असं पॅकिंग ही पाठवणाऱ्याची जबाबदारी, असं जवळपास प्रत्येक कुरियरच्या अटीत लिहिलेलं असतं.

टर्नटेबलमध्ये तर ही भानगड जास्तच. प्लॅटर काढून वेगळा गुंडाळायचा असतो, टोनआर्मच्या मागचं वजन काढायचं, हेडशेल (सुई बसते तो पुढचा भाग) काढायचं, आर्म त्याच्या स्टँडला बांधायचा. प्लॅटर जागेवर ठेवूनच पाठवला की वाटेत तो मधल्या खुंटीवर (स्पिंडल) आपटत राहतो आणि बेअरिंगची वाट लागते. तुमचा तो खरखर आवाज बहुधा त्यातलाच. प्लॅटर कसा होता आत?

तबकडीप्रेमी

प्लॅटर जागेवरच होता 🙁 खाली-वर थर्माकोलचे तुकडे होते पण बाजूंना काहीच नाही, नुसते वर्तमानपत्राचे बोळे. आर्म मात्र दोऱ्याने बांधलेला होता. कोपऱ्याचे आणि आर्मचे फोटो तुम्ही म्हणालात तसे काढले, दोन्ही एकाच बाजूला आहेत. कुरियरला मेल केला, तिकीट नंबर आला.

आणि अजून एक कळलं. विकणाऱ्यांनी बुकिंगची पावती पाठवली, त्यात मालाची किंमत अगदीच किरकोळ टाकलीय, मी दिलेल्या पैशाच्या पाव पण नाही. विचारलं तर म्हणाले जास्त किंमत लिहिली की चार्ज वाढतो म्हणून सगळेच तसं लिहितात. आता?

खोकेबहाद्दर

हं. मग आकडा तिथेच अडकणार. पावतीवरची किंमत म्हणजे साधारण वरची मर्यादा, तुम्ही बँकेचं स्टेटमेंट दाखवलंत तरी त्याच्या वर कुरियर जात नाही. इथे लोकांचा एक गोंधळ असतो, घोषित किंमत म्हणजे विमा नाही. घोषित किंमत म्हणजे कुरियरची चूक ठरली तर जास्तीत जास्त किती द्यायचं ते. चूक ठरावी लागते. विमा वेगळा घ्यावा लागतो, त्याचा हप्ता वेगळा, आणि त्यात पण पॅकिंगची अट असतेच. यातलं काहीच केलं नसेल तर वजनावर हिशोब होतो, किलोमागे अमुक इतके, आणि तो आकडा ऐकून हसू येतं.

तुमच्या केसमध्ये मला वाटतं झाकण आणि टोनआर्मसाठी काहीतरी मिळू शकेल, कारण दबलेला कोपरा म्हणजे बाहेरून मार बसलाय हे दिसतंय. बेअरिंगचं ते पॅकिंगवर ढकलतील आणि मला नाही वाटत तुम्ही तिथे जिंकाल. आणि नव्या मशीनची किंमत मागू नका, सेकंडहँड वस्तूला तिची आजची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, जे कमी असेल ते धरतात. दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, पण भाग वेगवेगळे लिहायला सांगा, झाकण वेगळं, आर्म वेगळा, बेअरिंग वेगळं. एकच गोळाबेरीज आकडा दिला की एका भागाचं निमित्त करून सगळंच नाकारता येतं.

उरलेल्या पैशाचं विकणाऱ्याशी बोला. किंमत त्यांनी कमी लिहिली, पॅकिंग त्यांनी केलं. तो भार कुरियरवर टाकून चालणार नाही, तुमच्यावर पण नाही.

मधला_बाक

पैसे कसे दिले होते? कार्डाने किंवा साइटच्या स्वतःच्या पेमेंटने दिले असतील तर तिकडची तक्रार आधी टाका, खरेदीदाराचं संरक्षण असतं बऱ्याच ठिकाणी आणि त्याची मुदत आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर संपते. कुरियरचा क्लेम चालू आहे म्हणून वाट बघत बसलात तर ही पण खिडकी बंद व्हायची. दुकानदाराकडून घेतलं असतं तर गोष्ट सोपी होती, कितीतरी देशांत वस्तू ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्या धंदेवाल्याचीच असते. खाजगी माणसाकडून घेतलं की प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा, आणि तुमचं आपसात काय ठरलं होतं ते पण बघतात, त्यामुळे चॅट डिलीट करू नका.

निशिगंधा

धागा हायजॅक करत नाही पण जवळचाच प्रश्न आहे, माझी बहीण दुसऱ्या देशातून कॅमेऱ्याची लेन्स पाठवतेय विमानाने. तिथे पण हेच नियम का?

रातकिडा

निशिगंधा, विमानाने एका देशातून दुसऱ्या देशात गेलं की बहुतेक वेळा 1999 चा माँट्रियल करार लागू होतो, दोन्ही देश त्यात असतील तर. त्यात नुकसान दिसल्याबरोबर लेखी तक्रार करायची, आणि माल मिळाल्यापासून जास्तीत जास्त 14 दिवसांत. ते चुकलं तर विमान कंपनीवर दावाच चालत नाही, त्यांनी फसवणूक केली असेल तर गोष्ट वेगळी. कोर्टात जायची मुदत 2 वर्षं. भरपाईची मर्यादा किलोमागे, 28 डिसेंबर 2024 पासून ती 26 एसडीआर आहे, त्याआधी 22 होती. एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, रोज भाव बदलतो. आता गणित करा, लेन्स पॅकिंगसकट 2 किलो भरली तर मर्यादा 52 एसडीआर, लेन्स कितीही महाग असो. बहिणीने पाठवताना जास्त किंमत घोषित करून जादा पैसे भरले असतील तरच ही मर्यादा उठते. आणि दोषपूर्ण पॅकिंगमुळे नुकसान झालं हे त्यांनी सिद्ध केलं तर तिथेही सुटतात, त्यात काही फरक नाही. रस्त्याने देशाबाहेर, युरोपात वगैरे, वेगळा करार आहे सीएमआर नावाचा, त्यात किलोमागे 8.33 एसडीआर आणि आतलं नुकसान कळवायला 7 दिवस, रविवार-सुट्ट्या सोडून. टपाल खात्याने पाठवलं तर हे दोन्ही बाजूला, त्यांचे नियम निराळे.

तिला सांगा बंद करण्याआधी पॅकिंगचा व्हिडिओ काढ, लेन्सचा सिरीयल नंबर दिसेल असा. आणि तू उघडतानाचा काढ, लेबलपासून सुरू करून मध्ये कट न करता.

निशिगंधा

बाप रे 52? विमाच घ्यायला सांगते. धन्यवाद!

तबकडीप्रेमी

विकणाऱ्यांशी बोललो, आधी तापले होते, पण किंमत कमी लिहिल्याचा विषय काढल्यावर क्लेम टाकायला तयार झाले. पेमेंट साइटवरूनच केलं होतं, तिथेही तक्रार टाकली. विकणाऱ्यांनी कुरियरला पाठवायचा मेल मला लिहून द्यायला सांगितलाय, बघा बरा आहे का:

"महोदय, वरील पार्सलमधील टर्नटेबल आपल्या अत्यंत निष्काळजी हाताळणीमुळे पूर्णपणे उद्ध्वस्त झाले असून आम्हाला प्रचंड मनस्ताप झाला आहे. खोक्याचा उजवा पुढचा कोपरा दबलेला असून त्याच बाजूचा टोनआर्म वाकला आहे, झाकणाला तडा आहे. फोटो, बुकिंग पावती, विक्रीची पावती व दुरुस्तीचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. नुकसानभरपाई त्वरित द्यावी."

खोकेबहाद्दर

पहिलं वाक्य पूर्ण काढा. "पूर्णपणे उद्ध्वस्त" लिहिलंत आणि अंदाजपत्रकात फक्त आर्म-झाकण दुरुस्त होतंय म्हटलंय, तेवढ्यावरच ते प्रश्न विचारत बसतील. मनस्तापाचे पैसे कुरियर देत नाही. बाकी ठीक आहे. मशीनचा सिरीयल नंबर, रकमेचा आकडा आणि "तपासणीसाठी वस्तू व मूळ पॅकिंग उपलब्ध आहे" हे टाका. "त्वरित" च्या जागी तारीख लिहा, आणि नाकारत असाल तर कोणत्या अटीखाली ते लेखी कळवा म्हणा. ते उत्तर आलं की इथे टाका, कुठली अट लावलीय ते बघू.